खिडकीतला रफू

समोरच्या इमारतीच्या काचांना ऊन परतवणारी फिल्म लागली, आणि रफूमावशींच्या खोलीत दुपारचा दुसरा सूर्य उगवायला लागला.

पहिला सूर्य जुन्या ओळखीचा होता. तो सकाळी त्या इमारतीच्या मागून वर यायचा, नऊच्या सुमारास खिडकीत डोकवायचा, तासभर टेबलावर बसायचा आणि गुमान छपरावर निघून जायचा. मग संध्याकाळपर्यंत खोलीत जो उजेड उरायचा, तो मावशींच्या कामाचा. निवलेल्या दुधासारखा, चमक नाही, सावली नाही. चाळीस वर्षं त्यांनी त्याच उजेडात लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली होती. समोर आधी लाकडाची वखार होती, मग तिथे तीन मजली कचेरी आली, मग तीही पाडून हे सात मजली काचेचं कपाट उभं राहिलं. एवढं सगळं झालं तरी मावशींच्या उजेडाने जागा सोडली नव्हती.

आता त्या काचा आरशासारख्या झाल्या. दोन वाजले की मावळतीकडचं ऊन त्यांच्यावर आपटायचं आणि रस्ता ओलांडून थेट पहिल्या मजल्यावर, मावशींच्या टेबलावर येऊन पडायचं. कात्री हातात धरवेना. लोकरीचे कपडे मांडीवर घेतले की अंगाची लाही व्हायची.

सुनेने एक दिवस न विचारता काचवाल्याला बोलावलं. समोरच्या इमारतीला फिल्म लावणारा हाच, हे मावशींनी त्याच्या पिवळ्या पिशवीवरून ओळखलं. दोन आठवडे दोराला लोंबकळताना त्यांनी त्याला रोज पाहिलं होतं.

"आधी तिकडचं ऊन आमच्याकडे ढकललंस, आणि आता ते अडवायला तूच आलास," मावशी म्हणाल्या. "चोर सोडायचे आणि मागोमाग कुलपं विकायची. बरा धंदा आहे."

काचवाला हसला. ऊन काही त्याच्या घरचं नाही म्हणाला. पिशवीतून त्याने एक खोका काढला. आत एक दिवा, आणि पुढे काचेचे दोन तुकडे, एक साधा आणि एक फिल्म लावलेला. हात धरून बघा म्हणाला. साध्या काचेपुढे हात भाजला, दुसरीपुढे नुसता कोमट झाला. सून खूश झाली. मावशींना मात्र तो खोका जत्रेतल्या जादूगाराच्या पेटीसारखा वाटला. दिवा त्याचा, काच त्याची, फिल्म त्याची. हात तेवढा आपला.

"रंग बदलेल का?" त्यांनी विचारलं.

"आरशासारखी नाही लावत तुम्हाला. ही बघा, जवळजवळ पाण्यासारखी. ताप तेवढा गाळते, रंगाला धक्का नाही."

रंगाला धक्का नाही, हे वाक्य मावशींनी मनात नीट घडी करून ठेवलं. त्यांचा सगळा संसार त्या एका गोष्टीवर उभा होता. रफू म्हणजे नुसतं भोक बुजवणं नव्हे. कापडाची वीण जशी असेल तसा एकेक धागा वरखाली घालायचा आणि धाग्याचा रंग असा निवडायचा, की कपड्याच्या मालकालाही बोट ठेवून जागा दाखवता येऊ नये. पहिला नियम असा, की धागा त्याच कपड्याच्या पोटातून काढावा, दुमडीतून, शिवणीच्या आतल्या बाजूने. पण जुन्या कपड्यात काही वेळा शिल्लक काही राहिलेलंच नसतं. मग डबा उघडायचा. मावशींकडे बिस्किटांचे मोठे पत्र्याचे सहा डबे होते आणि त्यांत चाळीस वर्षांत जमवलेले लोकरीचे, सुताचे, रेशमाचे धागे, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळलेले. नुसत्या निळ्याचे पासष्ट.

काचवाल्याने साबणाचं पाणी काचेवर फवारलं, फिल्मचा पाठचा कागद सोलला, ती ओल्या काचेवर अलगद टेकवली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी हाकत नेलं. कडेची जास्तीची फिल्म पात्याने कापली. हात सुबक होता, हे मावशींना कबूल करावं लागलं. कारागिराला कारागिराचा हात कळतो. आत पाण्याचे बारीक फोड दिसत होते. ते महिन्याभरात आपोआप वाळतील, तोवर काच सरकवू नका, कडा उचलतील, असं बजावून तो गेला.

तो गेल्यावर मावशींनी उजेडाची आपली परीक्षा घेतली. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे म्हणायचे, नव्या जागी कामाला बसलीस तर आधी पांढरा धागा खिडकीत धर. पांढरा पांढरा दिसला तर उजेड खरा. पिवळा दिसला, निळसर दिसला, तर ऊठ तिथून. मावशींनी पांढरा धागा धरला. तो पांढराच दिसला. त्यांनी आणखी दोन पांढरे काढले, एक जुना आणि एक कोरा. दोन्ही पांढरेच. दुपारी दोन वाजले, समोरच्या काचेवर सूर्य उगवला, आणि खोली मात्र थंड राहिली. मावशी त्या दिवशी तीन वाजता गार टेबलावर हात ठेवून बसल्या आणि मनातल्या मनात काचवाल्याला अर्धी माफी देऊन टाकली.

उरलेला अर्धा राग सुनेकडे वळला.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मावशींच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. मुलगा म्हणाला, आता पुरे, डोळ्यांना विश्रांती दे. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मावशींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माझा रफू दिसतो म्हणून ज्या दिवशी एक तरी कपडा परत येईल, त्या दिवशी मी डबे बंद करीन आणि खोली तुम्हाला देईन. तोवर कोणी हा विषय काढायचा नाही."

विषय कोणी काढला नाही. पण खोलीची गरज कोणाला आहे हे भिंतींनाही ठाऊक होतं. सून संगणकावरून परक्या भाषेची शिकवणी घ्यायची, तीही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मागे कुकरची शिट्टी झाली की तिच्या विद्यार्थ्यांना हसू यायचं. तिला खिडकीची खोली मिळाली असती तर सोनंच होतं. मग हीच सून स्वतः खटपट करून सासूच्या खिडकीला फिल्म लावते, ती का? सासूला गारवा मिळावा म्हणून? मावशींनी जग पाहिलं होतं. त्या खोलीत पुढे आपल्याला बसायचं आहे म्हणून आतापासून सोय करून ठेवतेय, हा हिशेब त्यांना फार सोपा वाटला.

महिना गेला. पाण्याचे फोड वाळले. काच न सरकवायची सवय मात्र राहिली, कारण मध्यंतरी रस्ता खणायला घेतला होता आणि धूळ आत येऊ देण्यात शहाणपण नव्हतं.

आणि मग एकेक गोष्टी दिसायला लागल्या.

एकदा दारावरची घंटा वाजली. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून उठेपर्यंत सून दाराशी पोचली होती. दार वीतभर उघडं, आणि त्या फटीतून दबक्या आवाजात बोलणं. कोण होतं विचारलं तर म्हणाली, चुकीचं दार. चुकीचं दार वाजवणाऱ्याशी पाच मिनिटं कोणी बोलत नाही. आठवड्याने पुन्हा तसंच. या वेळी सून परत वळली तेव्हा तिच्या पाठीमागे काहीतरी होतं आणि ती भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी आडवी आपल्या खोलीत गेली.

मग डबे. मावशींचे डबे कसे ठेवलेले असतात हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. एक दिवस करड्या धाग्यांच्या डब्याचं झाकण उलट्या बाजूने बसवलेलं दिसलं. मावशींनी त्या दुपारी काम बाजूला ठेवलं आणि करड्या, निळ्या आणि तपकिरी धाग्यांच्या टोकाला एकेक बारीक गाठ मारली, अशी की हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही. चार दिवसांनी तपासलं. दोन निळ्यांची आणि एका करड्याची गाठ गायब होती. कोणीतरी टोक कापून नेलं होतं.

संशयाला पाय नसतात, पण तो घरभर हिंडतो. सून शिकवणीत गुंतलेली असताना मावशी तिच्या खोलीत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा. कपाटात चादरींच्या खाली हात घातला तर लोकर लागली. बाहेर काढलं. शाळेतल्या बाईंचं करडं जाकीट, आणि दरवानाची गडद निळी पँट. दोन्हींवर मावशींनी गेल्या दोन महिन्यांत रफू केला होता, दोन्ही घेऊन गिऱ्हाईक खुशीत गेलं होतं.

कपडे परत आले होते म्हणजे. परत आले आणि आपल्याला सांगितलं गेलं नाही. त्या तशाच आपल्या खिडकीशी आल्या आणि जाकीट उजेडात धरलं. कोपरावरचा रफू शोधायला त्यांना स्वतःलाच बोट फिरवावं लागलं. रंगात रंग मिळालेला, जसा नदीत ओढा. पँटचंही तेच. नावं ठेवायला जागा नव्हती.

मग हे परत का आले? मावशींनी दोन आणि दोनची बेरीज केली आणि ती त्यांच्या मते चारच झाली. सून गिऱ्हाइकांना दाराशी गाठतेय. सासूबाईंना आता दिसत नाही, असं सांगून कपडे ठेवून घेतेय. एक दिवस सगळ्या घरासमोर ती हे कपडे टेबलावर टाकणार आणि म्हणणार, आई, तुम्हीच म्हणाला होतात. धागे पळवणं त्यातलंच. उद्या डब्यात नकली धागे भरून ठेवले तर कामही खरंच बिघडेल. मावशींनी कपडे होते तसे चादरीखाली ठेवले. त्या रात्री जेवताना सुनेने भाजी वाढली, तर त्या म्हणाल्या, माझी मी घेते.

तीन दिवस त्या गप्प होत्या. सासू भांडली तर सुनेला कळतं काय करायचं. सासू गप्प बसली की सून वाऱ्यालाही घाबरते. घरात ताटल्यासुद्धा हळू वाजायला लागल्या.

चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास घंटा वाजली. सून दाराशी धावली, पण या वेळचं गिऱ्हाईक फटीत मावणारं नव्हतं. जहाजावर अर्धं आयुष्य काढलेले, आता निवृत्त झालेले, उभ्या गल्लीत कप्तान म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ होते ते. वादळात शेवटच्या खलाशापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी जमिनीवर आल्यावरही बदललेला नव्हता. सून त्यांना काहीतरी हळू सांगत होती. कप्तान म्हणाले, तुझ्याशी मला बोलायचं नाही, जिने सुई चालवली तिला हाक मार.

ते आत आले. हातात त्यांचा तो गडद निळा कोट होता. तीस वर्षांचा, कसरीने खाल्लेला. छातीवर तीन भोकं आणि पाठीवर कॉलरच्या खाली एक. कोटाच्या पोटात धागा शिल्लक नव्हता म्हणून मावशींनी डब्यातल्या पासष्ट निळ्यांतून अर्धा दिवस घालवून एक निवडला होता.

"मावशी, काल मी हा घालून बागेत गेलो. लोक विचारायला लागले, कप्तान, छातीवर काय सांडलं. तीन तांबडे ठिपके. गोवर आल्यासारखे."

मावशींनी कोट घेतला, खिडकीशी नेला, उलटासुलटा केला. "दाखवा कुठे आहेत."

कप्तानांनी चष्मा लावला. पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "होते," ते म्हणाले.

"होते म्हणजे पळून गेले?"

सून दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मावशींनी तो बरोब्बर टिपला. चोरी पकडली गेल्याचा चेहरा. ही कप्तानांच्या कानीही लागली असणार. की कप्तानांनाच फुकटात आणखी काही करून घ्यायचं होतं? कोट शिवून घ्यायला आलेला माणूस जाताना बटणं फुकट लावून मागतो, हे त्या चाळीस वर्षं पाहत होत्या.

कप्तान चिडले. ते खोटं बोलत नव्हते आणि आपण खोटं बोलत नाही हे दाखवण्याचा एकच मार्ग त्यांना दिसला. त्यांनी कोट अंगात चढवला. "मी खाली रस्त्यावर जातो. तुम्ही इथूनच बघा. मग म्हणा, म्हातारा भ्रमिष्ट झाला."

ते जिना उतरून गेले. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. खणलेला भाग बुजवून झाला होता आणि पलीकडच्या कडेला, काचेच्या इमारतीसमोर, कप्तान छाती काढून उभे राहिले, बंदरात जहाज लागताना उभे राहत असतील तसे. मावशींनी काचेतून पाहिलं. कोट अखंड निळा होता. ठिपका नाही, डाग नाही.

"बघितलंस," त्या सुनेला म्हणाल्या. तिच्याशी तीन दिवसांतलं हे पहिलं वाक्य. "काही नाही. शिकवून पाठवलेलं माणूस असंच फसतं."

"मी कोणाला शिकवलं नाही, आई."

खालून कप्तान काहीतरी ओरडले. बंद काचेतून शब्द कळेनात. काय म्हणतायत ते ऐकायला मावशींनी कडी काढली आणि कितीतरी दिवसांनी काच बाजूला सरकवली.

आणि कप्तानांच्या छातीवर तीन तांबडे ठिपके उमटले.

मग त्यांनी काच पुन्हा सरकवली. ठिपके गेले. उघडली, आले. मिटली, गेले. खाली कप्तान हात पसरून उभे होते आणि वर एक म्हातारी लहान मुलासारखी काच पुढेमागे करत होती. पाचव्या वेळेला मावशींनी काच अर्धी ठेवली. आता एक ठिपका काचेआड होता आणि दोन बाहेर. काचेआडचा नव्हताच. बाहेरचे दोन वाळल्या रक्तासारखे.

सुनेने मागून खुर्ची सरकवली.

"गडद निळ्याच्या पोटात तांबडा असतो," मावशी म्हणाल्या, सुनेला नव्हे, खिडकीला. "रंगारी घालतात. कोणाचा किती हे उन्हात कळतं. या काचेने तो तांबडाच गिळला. दोन निळे मला सारखे दिसले, कारण दोघांच्या पोटातलं मला दिसलंच नाही."

पांढऱ्याने त्यांना फसवलं होतं. पांढऱ्या धाग्यातून थोडं काही कमी झालं तर डोळा त्याला सांभाळून घेतो. सासऱ्यांचा नियम सासऱ्यांच्या काचांचा होता. तेव्हा काचेवर धूळ बसायची, दुसरं काही नाही.

मग मावशींनी तोंड फिरवलं. "आणि तू. चादरीखाली काय ठेवलंयस ते मी पाहिलंय."

सुनेने सांगितलं, तुटक तुटक, मधेच थांबून. शाळेतल्या बाई जाकीट घेऊन आल्या होत्या, रफू उठून दिसतो म्हणून. मग दरवान आला. तिने दोघांना सांगितलं, ठेवून जा, नीट करून देतो. धाग्यांची टोकं तिने कापून नेली होती, लोकरीच्या दुकानात कपड्यांसोबत दाखवून बरोबरचा धागा मिळतो का बघायला. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडे धागा निवडणाऱ्याचे डोळे गेलेत. हे ऐकून ती घरी आली आणि ते कपडे लपवले.

"मला का नाही सांगितलंस?"

"एक कपडा परत आला तर डबे बंद, असं तुम्ही म्हणाला होतात."

"तुला तर हवंच होतं ते. खोली मिळाली असती."

सुनेने आता मान वर केली. घरात इतकी वर्षं काढून ती पहिल्यांदाच सासूच्या डोळ्याला डोळा देऊन बोलली. "खोली मिळाली असती आणि तुम्ही दिवसभर मोकळ्या झाला असतात, आई. मग तुम्ही काय केलं असतंत? माझ्या मागे उभं राहून मी भाजी कशी चिरते ते बघितलं असतंत. मला कुकरची शिट्टी परवडते."

मावशींना वाईट वाटायला हवं होतं. पण सुनेच्या मायेची गोष्ट त्यांना पटली नसती, ही पटली. यात खोट नव्हती.

काचवाला दुसऱ्या दिवशी आला. आधी तो मानायलाच तयार नव्हता. रस्त्यावर उभं राहायला कप्तान पुन्हा आनंदाने आले, आता त्यांना त्या कामाची गोडी लागली होती. काच तीन वेळा पुढेमागे झाल्यावर काचवाल्याने डोकं खाजवलं. ताप अडवायचा म्हणजे उन्हाच्या तांबड्या टोकाचा ताप अडवायचा, त्यात टोकाचा तांबडा रंगही थोडा अडकत असेल, असं पुटपुटला. शंभर घरांत लावली, कोणी तक्रार केली नाही म्हणाला.

"शंभर घरांत कोणी पासष्ट निळे मोजत नसतील," मावशी म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं की टेबलासमोर फिल्मचा वीतभर चौकोन कापून दे. ते मात्र त्याने साफ नाकारलं. अर्ध्या काचेला फिल्म आणि अर्धी उघडी ठेवली तर उन्हात एक भाग जास्त तापतो, दुसरा कमी, आणि एखाद्या दुपारी काच आपणहून तडकते. काढायची तर एक पूर्ण काच काढा. मावशींना याही बोलण्यात आधी काहीतरी डाव दिसला, पण त्यातून त्याचा काय फायदा हे शोधून सापडलं नाही, तेव्हा त्यांनी मान डोलावली. टेबलासमोरची काच सोलली गेली. दुसरी तशीच राहिली. आता मावशी दोन वाजेपर्यंत काम करायच्या. समोर दुसरा सूर्य उगवला की टेबल दुसऱ्या काचेमागे ओढायचं आणि गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, बटणं लावायची, रंगाच्या कामाला हात लावायचा नाही.

शब्दाचं काय, हे मुलाने भीत भीत विचारलं. मावशी म्हणाल्या, शब्द मोडायची मला सवय नाही. कप्तानांचा कोट परत आलाय हे खरं. तो मी उसवून पुन्हा करते, खऱ्या उजेडात. रस्त्यावर उन्हात रफू दिसला, तर दोष काचेचा नाही, माझा. मग डबे बंद.

सहा दिवस लागले. छातीवरच्या तीन भोकांतला धागा त्यांनी एकेक करून उचलला आणि नवे निवडले, या वेळी काच उघडी टाकून, हात खिडकीबाहेर काढून, उन्हात धरून. खालून जाणाऱ्यांना वाटायचं, मावशी कबुतरांना दाणे टाकतायत. पाठीवरच्या, कॉलरखालच्या चौथ्या भोकाला त्यांनी हात लावला नाही. ते त्यांनी मुद्दामच तसं ठेवलं, जुन्याच चुकीच्या धाग्यासकट. कप्तानांना स्वतःची पाठ दिसत नव्हती, त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. घरात कोणालाच त्या चौथ्याची माहिती नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी एक वाजता कप्तान कोट घालून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मावशींनी खिडकी पूर्ण उघडली आणि पाहिलं. छाती निळी होती. त्यांनी हाताने खूण केली, वळा. कप्तान हळूहळू वळले. कॉलरखाली एक ठिपका होता, बारीक, तांबूस, आणि तो मावशींना दिसला. म्हणजे डोळे अजून आपले होते. त्यांनी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

डोळे आज आहेत. उद्याचं कोणी सांगितलंय? आणि ज्या दिवशी ते नसतील त्या दिवशी दारात कोण उभं असेल, फटीतून बोलणारं, कपडे चादरीखाली घालणारं, सगळं छान आहे म्हणणारं?

त्यांनी सुनेला हाक मारली. "शिकवणी संपली ना? जरा ये. माझे डोळे पाणावलेत. मला काही दिसेना झालंय. तू बघ आणि सांग."

सून आली. तिने ओढणीला हात पुसले आणि खिडकीतून वाकली. कप्तान खाली एकेक पाऊल टाकत गोल फिरत होते. सुनेने छाती बघितली, बाह्या बघितल्या. मावशी रस्त्याकडे बघत नव्हत्या. त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, कापडाची वीण बघावी तशा. तिला छान म्हणायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडलंही. मग कप्तान पाठमोरे झाले आणि ती थांबली.

"पुढे काही नाही," ती हळूच म्हणाली. "पण मागे आहे, आई. कॉलरच्या खाली. एक ठिपका दिसतो."

"नक्की?"

"नक्की. मला नको होता दिसायला. पण आहे."

मावशींनी खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. खाली कप्तानांनी मान वळवून विचारलं, अजून किती वेळ उभा राहू, माझ्याकडे लोक बघतायत. मावशींनी त्यांना वर बोलावलं. सुनेला म्हणाल्या, "एक राहिलाय तो करून टाकते. तू उद्यापासून रोज एक वाजता दहा मिनिटं काढ. कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तू रस्त्यावर नेऊन धरायचास, मी इथून बघीन. मग तू इथे यायचं आणि मी खाली."

"गुडघे दुखतात तुमचे."

"दुखू देत."

सून एकदा खाली कप्तानांच्या पाठीकडे बघत होती, एकदा टेबलाकडे, जिथे तीन भोकांतून उसवलेले तीनच धागे वेगळे मांडून ठेवले होते. मग तिने सासूकडे पाहिलं. मावशींचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"आई," ती म्हणाली, "चौथं भोक आहे हे तुम्हाला माहीत होतं."

मावशींनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला, फार निगुतीने, एक काच झाली की दुसरी. जिन्यावर कप्तानांचे जड बूट वाजत होते. सून हाताची घडी घालून उभी राहिली आणि डोळे बारीक करून उत्तराची वाट बघू लागली.